काठोकाठ वाटी

पाहुण्याला चहाची वाटी अर्धीच का भरून देतात, हे इझबासारनं इतक्यांदा सांगितलं होतं की झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तो घडाघडा बोलला असता. "अर्धी वाटी म्हणजे बसा, घाई कसली, अजून वाढतो. काठोकाठ वाटी म्हणजे प्या आणि चालू लागा." परदेशी पाहुणे हसायचे, वहीत टिपून घ्यायचे. पुढच्या खेपेला नवे पाहुणे यायचे आणि पुन्हा तेच. वीस वर्षं त्यानं वाटाड्याचा हाच धंदा केला. अक्कुदुक गावातून निघायचं, कॅस्पियनचा किनारा दाखवायचा, मग आत वाळवंटात शिरायचं. पांढरे कडे, मिठाची पठारं, वाळूत सापडणारे जुन्या माशांचे दात. चौथ्या दिवशी परत समुद्रावर.

या अर्ध्या वाटीची खरी गंमत तुरेशच्या चहाघरात व्हायची. जिथं रस्त्याला फाटा फुटतो तिथं त्याचं चहाघर. तुरेश आणि इझबासार एका गावचे, एका वर्षी जन्मलेले. आमच्याकडे एका वयाच्या गड्यांना एकमेकांची वाटेल ती टर उडवायची मोकळीक असते, टकलावरून, बायकोवरून, अगदी बापावरूनसुद्धा. राग धरायचा नाही, उलटा टोला हाणायचा. तुरेश पाहुण्यांना अदबीनं अर्धी वाटी द्यायचा आणि इझबासारची वाटी मात्र हात भाजेल इतकी काठोकाठ भरायचा. "घे, ढोस आणि तोंड काळं कर!" पाहुणे खो खो हसायचे. इझबासारची बायको त्याला सोडून शहरात गेली त्या वर्षीसुद्धा तुरेशनं हेच केलं होतं, आणि खरं सांगायचं तर त्या वर्षी इझबासारला माणसांत आणलं ते त्या भरल्या वाटीनंच.

बायको गेल्यावर घरात दोनच जीव उरले, इझबासार आणि त्याचा बाप. बाप ओरिनबाय जुना मासेमार. त्याची होडी दाराशी उलटी पडलेली होती, कारण समुद्रच हळूहळू मागं सरकला होता. आता पाण्यापर्यंत जायचं म्हणजे अर्धा तास चालायचं. त्या ऑक्टोबरात म्हातारा अंथरुणाला खिळला. खाणं सुटलं. आणि नेमके तेव्हाच वर्षातले शेवटचे पाहुणे आले, लुबोश आणि इरेना, चेक नवराबायको, दोघंही साठीच्या पुढचे. शाळेत शिकलेलं मोडकं रशियन त्यांना येत होतं, तेवढ्यावर भागत होतं.

"नाही जात मी. दुसरा कुणीतरी नेईल त्यांना," इझबासार म्हणाला.

"का? मी काय तुझ्या गाडीपुढं आडवा पडलोय?" म्हातारा खेकसला. "शब्द दिलायस ना पाहुण्याला? मग जा. शेजारची कालामपिर आहे माझ्याकडे बघायला."

"बाबा, पण..."

"एक लक्षात ठेव. पहिली मूठ तुझी. गावातले उतावळे आहेत, कुणाला आधी टाकू देऊ नकोस."

मूठ म्हणजे मातीची, कबरीवर टाकायची. आमच्याकडे मुलगा मागतात तो याच्यासाठी. बाकी आयुष्यभर त्यानं काही केलं नाही तरी चालेल, पण ती एक मूठ त्यानं टाकायची.

"असलं अभद्र बोलू नका. बरं वाटेल तुम्हाला."

"वाटेल की! वर गेल्यावर एकदम बरं वाटेल," म्हातारा म्हणाला आणि भिंतीकडे तोंड करून झोपला.

इझबासार निघाला खरा, पण जीव टांगणीला लागलेला. पहिला दिवस किनाऱ्यानं गेला. लुबोशला लांब खडकावर सील दिसला तर तो पोरासारखा नाचला. इरेना त्याला म्हणाली, तुझं पोट आणि त्याचं पोट अगदी सारखं आहे हो. इझबासारही हसला. दुसऱ्या दिवशी दुपारी ते तुरेशच्या फाट्यावर पोचले. गाडीतून उतरता उतरता त्यानं पाहुण्यांना अर्ध्या वाटीची गोष्ट सांगून ठेवली. "आता बघा, हा मला कशी देतो ते."

तुरेश बाहेर आला. एरवी तो दारातूनच ओरडायचा, "आला रे आला, उंटाचा जावई आला!" आज तो चालत गाडीपर्यंत आला आणि त्यानं इझबासारचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

"काय रे, बायकोनं जीभ कापून घेतली काय तुझी?" इझबासारनं टोमणा टाकला.

"ये, बस. दमला असशील," तुरेश म्हणाला.

तुरेशनं आतली मऊ गादी त्याच्यापुढं सरकवली. चहा आणला. पाहुण्यांना अर्धी वाटी. आणि इझबासारला अर्ध्याहूनही कमी, तळाशी चार घोट. राजाला द्यावी तशी.

"तुम्ही म्हणालात काठोकाठ देतो," इरेना म्हणाली.

कुणीच हसलं नाही. तुरेश इझबासारकडे न बघता म्हणाला, "आज इथंच राहा ना. मेंढरू कापतो. कडे कुठं पळून चाललेत?" एवढ्यात त्याचा फोन वाजला. तो घाईनं बाहेर गेला, हळू आवाजात बोलला आणि गावाकडच्या रस्त्यावर नजर लावून उभा राहिला.

आता मरणाची बातमी आमच्यात कुणी एकट्यानं, फोनवर, उभ्या उभ्या सांगत नाही. तसं करणं म्हणजे माणसाला कड्यावरून लोटणं. गावातले दोघंतिघं वडीलधारे येतात, जवळ बसतात, आडवळणानं बोलतात, जगात कोण टिकलंय असं म्हणत म्हणत मुद्द्यावर येतात, आणि सांगून होताच मिठीत धरतात. तोवर बाकीच्यांनी तोंडात मूग धरून त्या माणसाला थांबवून ठेवायचं. इझबासारला हे जन्मापासून ठाऊक. तुरेश कुणाची वाट बघतोय, हे त्याला वाटीतला चहा पाहूनच कळलं होतं.

आणि त्यानं काय करावं? तो उठला. "चला," पाहुण्यांना म्हणाला, "सूर्य बुडायच्या आत कड्यांवर पोचायचंय."

तुरेश धावत आला. "अरे थांब! तासभर थांब फक्त! इझबासार!"

"येताना थांबतो," त्यानं काचेतून ओरडून सांगितलं आणि गाडी अशी हाणली की मागं नुसती धूळ. तासाभरात वडीलधारे येणार. ते बोलणार. बोलले की बाप मेला. न बोलले तर? न बोलले तर अजून कुणी काही म्हणालेलं नाही. घरात खिडकीपाशी बाप पडलाय, खेकसतोय, कालामपिर आपा त्याला सूप पाजतेय. वेड पांघरून पेडगावला जाणं म्हणतात ते हेच. पण हसू नका त्याला. ज्याच्या घरात दोनच माणसं असतात, त्याला त्यातलं एक वजा करायला सांगून बघा.

कड्यांपाशी फोन लागत नाही. वाटही एक नाही, शंभर आहेत; मागून कुणी आलं तरी सापडणं कठीण. इझबासारनं नेहमीच्या जागी गाडी लावली, नेहमीचं सगळं सांगितलं. इथं एके काळी समुद्र होता, हे पांढरं सगळं त्याचाच तळ, हा बघा माशाचा दात. बोलता बोलता आवाज फुटला, तसा तो खोकला आल्याचं दाखवत बाजूला गेला. कड्याच्या टोकाला बसून त्यानं गुडघ्यांत तोंड घातलं. रडताना पाठीवर हात ठेवायला कुणी हवं असतं. तिथं वारा होता नुसता.

थोड्या वेळानं इरेना येऊन जवळ उभी राहिली. "इझबासार, तुमचं काहीतरी बिघडलंय. त्या चहाघरापासून. घरी कुणी आजारी आहे?"

"नाही हो. डोळ्यांत वाळू गेली."

"हे बघा, आपण परत जाऊ. आम्हाला वाईट नाही वाटणार."

लुबोशही मागून म्हणाला, "लाख वर्षं उभे आहेत हे दगड. फोटो काढून झाले. चला परत."

सकाळी चहा करताना तिनं पुन्हा विचारलं. सकाळी निघाला असता तर संध्याकाळच्या आत गावात असता. मूठ त्याची होती. बाप अजून घरात होता, त्याच्यासाठीच ठेवलेला, आणि हे त्याला आतून पक्कं ठाऊक होतं. तो म्हणाला, "माझा बाप एकदम ठणठणीत आहे. अजून मिठाचं पठार राहिलंय तुमचं."

एका परक्या बाईनं दार उघडून धरलं होतं, दोनदा, आणि त्यानं दोन्ही वेळा ते आपल्या हातानं लावून घेतलं. का, ते त्याला कधीच धड सांगता आलं नसतं. एकच खरं, तो दिवस त्याला अजून हवा होता, ज्या दिवसात बाप होता.

चौथ्या दिवशी तो तुरेशचा फाटा टाळून, लांबच्या वाटेनं, किनाऱ्याकडून गावात आला. दुपार कलली होती. घरापुढं गाड्यांची रांग. अंगणात पांढरा तंबू उभारलेला, मरण झालेल्या घरी उभारतात तसा. आणि दाराशी बापाच्या उलट्या होडीवर तिघं बसलेले, ताझाबेक अगा, आणखी एक म्हातारे आणि तुरेश. इझबासारनं गाडी थांबवली.

"ये बाळ," गावात सगळ्यांत थोर असलेले ताझाबेक अगा म्हणाले आणि त्यांनी त्याला आपल्याजवळ होडीवर बसवलं. "समुद्र बघ. याच्याच काठावर आपण रांगलो. वाटायचं, हा कुठं जायचाय? पण तोसुद्धा मागं सरला. एवढा मोठा समुद्र जातो, मग माणसाची काय कथा..."

इथंच इझबासारनं बोलायला हवं होतं. अगा, राहू द्या, मला परवापासून ठाऊक आहे. एवढंच. शब्द तोंडाशी आलेही. पण म्हाताऱ्याचा हात खांद्यावर होता, आणि तुरेशचा फाटा सोडल्यापासून पहिल्यांदाच आपल्या माणसाचा हात अंगाला लागला होता. इझबासारनं शब्द गिळले. म्हाताऱ्यानं बोलणं पुरं केलं. आणि मग इझबासारनं असा हंबरडा फोडला की तंबूतली माणसं बाहेर धावली. रडणं खरं होतं हो. त्यात काडीचं खोटं नव्हतं. खोटं होतं ते फक्त दचकणं.

"दोन रात्री थांबलो रे तुझ्यासाठी," ताझाबेक अगा त्याला मिठीत धरून म्हणाले. "चौघांना धाडलं शोधायला, कुठं सापडला नाहीस. शेवटी आज दुपारच्या नमाजानंतर... पहिली मूठ टाकायला कुणी धजेना. ओरिनबायनं बजावून ठेवलेलं ना. मग तुरेशनं टाकली. तुझं नाव घेऊन टाकली. मनाला लावून घेऊ नकोस. ज्याला ठाऊकच नव्हतं त्याला कसला दोष?"

मग एकेक जण येऊन गळ्यात पडू लागला. कालामपिर आपा म्हणाली, "तुला काय ठाऊक रे लेकरा, त्याला कसला दोष?" शिक्षक म्हणाले, चुलते म्हणाले, ज्याच्याशी दहा वर्षं बोलणं नव्हतं तो शेजारीही म्हणाला. ठाऊकच नव्हतं, दोष कसला. साठसत्तर माणसांनी साठसत्तर वेळा त्याला माफ केलं. प्रत्येक मिठीगणिक तो जास्तच एकटा पडत गेला. आता सांगणार तरी कुणाला?

गर्दीतून त्याला दिसलं, इरेना डोळे पुसत गाडीपाशी उभी होती आणि तुरेश तिच्यासाठी पाणी घेऊन गेला होता. ती आपल्या मोडक्या रशियनमध्ये, लोकांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलत होती. तिचं काय चुकलं? तिला वाटलं, आपण सांत्वन करतोय.

"बिचारा! त्या दिवशी कड्यावर बसून एकटाच रडत होता. आम्ही दोनदा म्हटलं, परत जाऊ या. आम्हाला काय माहीत! पण त्याला बहुतेक आतून कळलं होतं, नाही का? तुमच्या इथून निघाला तेव्हापासूनच."

तुरेशला रशियन उत्तम येतं. त्यानं मान डोलावली, तिच्या हातात पाणी दिलं आणि परत आला. इझबासारकडे त्यानं पाहिलं नाही.

तंबूत जमिनीवर गोल करून सगळे बसले. चहाच्या बंबापाशी, समोवारपाशी, तुरेशच होता, वाट्या भरून पुढं धाडत होता. अर्धी, अर्धी, अर्धी. इझबासार त्याची वाट बघत बसला. एवढ्या माणसांत हा एकच गळ्यात पडायचा राहिला होता. त्यानं शिवी द्यावी, टकलावरून बोलावं, चार लोकांत थोबाडीत मारावी, इझबासारला काहीही चाललं असतं. खरं तर तेच हवं होतं.

तुरेश उठला. इझबासारची वाटी त्यानं दुसऱ्या कुणाच्या हाती दिली नाही, स्वतः घेऊन आला आणि त्याच्यापुढं ठेवली. वाटी काठोकाठ भरलेली होती. ठेवताना थोडा चहा चादरीवर सांडला.

इझबासारनं मान वर करून बघितलं, हसतोय का ते.

तुरेश हसत नव्हता. तो वळून समोवारपाशी गेला आणि पुढची वाटी भरू लागला. इझबासारनं वाटी उचलली. बोटं भाजत होती. एका दमात त्यानं ती रिकामी केली, आणखी नको म्हणून पालथी घातली, आणि उठून बाहेर आला. गाडीत पाहुणे बसून होते. त्यांना शहरात सोडायचं अजून बाकी होतं.