सोंगाला हिरवी खूण

थांबा! ते 'नंतर करा' दाबू नका. दर वेळी तुम्ही तेच दाबता, म्हणून आधीच सांगतोय. मी एक अपडेट बोलतोय. तुमच्या फोनात रोज माझी भावंडं येऊन धडकतात, तुम्ही एक ओळही न वाचता 'मान्य आहे' म्हणता आणि मोकळे होता. भाजीवालीकडून वांगी घेताना दहा वेळा उलटीपालटी करून बघणारी माणसं तुम्ही! पण ते असो.

माझं काम मात्र वांगी विकण्याइतकं सोपं नव्हे. मुंबईपुढच्या समुद्रात तेलाच्या विहिरी आहेत. त्यांच्यावर लोखंडी फलाट उभे आहेत आणि तिथं राबणारी माणसं हेलिकॉप्टरनं जातात-येतात. कोण बसणार, त्याचं वजन किती, ट्रेनिंग झालंय का, आणि बसणारा तोच आहे की त्याच्या नावावर दुसराच कुणी, हे सगळं एक सॉफ्टवेअर बघतं. त्या सॉफ्टवेअरची मी सुधारलेली आवृत्ती. 'सुधारलेली' हा शब्द त्यांचा, माझा नव्हे.

माझा जन्म एका काचेच्या इमारतीत झाला. एसी इतका थंड की माझे जन्मदाते अंगावर शाल घेऊन बसत. झालं असं होतं की एक महाभाग सख्ख्या भावाच्या पासवर समुद्रावर जाऊन आला होता. खापर फुटलं माझ्या आधीच्या आवृत्तीवर. मग बैठका झाल्या, सामोसे आले, आणि ठरलं की यापुढे चेहरा अगदी तंतोतंत जुळला पाहिजे. "अजून आवळा," साहेब म्हणाले. आवळलं. "अजून." पुन्हा आवळलं. हेलिकॉप्टरमध्ये त्यांच्यापैकी एकही जण कधी बसला नव्हता.

प्रेरणा नावाची एक मुलगी तिथं कामाला होती. तिनं विचारलं, "सर, कुणी दाढीमिशी काढली तर?" साहेब हसले. म्हणाले, "दाढी काढून माणूस किती बदलणार?" साहेबांचा स्वतःचा चेहरा भोपळ्यासारखा गुळगुळीत, त्यांना काय कळणार! पण पोरगी खमकी होती. तिनं माझ्यात एक कळ बसवलीच. मी नाही म्हटलं, तरी जबाबदार माणसानं स्वतः खात्री करून ती कळ दाबावी आणि प्रवाशाला सोडावं. माझ्या अंगात अकलेचा भाग म्हणावा असा तेवढाच.

तिथून मी निघालो आणि येऊन पडलो गोंदिया जिल्ह्यातल्या तिरोडा तालुक्यात, बोदलकसा तलावाजवळच्या एका गावात. तिथला प्रफुल समुद्रातल्या फलाटावर वेल्डर होता. हात बसला तिरोड्याच्या वीज केंद्रात, मग गोंदियाच्या एका कंत्राटदारानं त्याला समुद्रावर पाठवलं. महिनाभर तिकडे, महिनाभर घरी. गावात नेटवर्कचा पत्ता नसतो, म्हणून तलावाच्या पाळीवर बसून त्यानं मला फोनात उतरवून घेतलं. शेजारी त्याचे वडील केवळराम बसले होते.

आल्या आल्या मी नवा फोटो मागितला. प्रफुलचे दाट कुरळे केस, आणि त्याहून दाट मिशी. तशीच मिशी वडिलांची, फक्त पांढरी. फोटो काढताना केवळराम वाकून वाकून फोनात बघत होते.

"मिशी दिसून राहिली ना बरोबर?"

"दिसून राहिली, बाबूजी. तुमी जरा बाजूले सरका. एकाच मानसाचा फोटो पायजे."

"सरकलो ना गा. पन मिशी कापू नोको म्हन त्या फोनले. खानदानाची हाय."

म्हातारा सरकला, पण पुरता नाही. फोटोच्या कडेला त्याचा अर्धा खांदा आणि पांढऱ्या मिशीचं एक टोक राहिलंच. कडा कापायचं माझ्या जन्मदात्यांना सुचलं नव्हतं. मी तो फोटो तसाच पोटात ठेवून घेतला.

पुढच्याच आठवड्यात केवळराम गेले. सकाळी बांधावर गेलेला माणूस बैलगाडीतून परत आला. या प्रसंगी माणसांनी जे केलं त्यावर मला काही बोलायचं नाही. एरवी मी तुम्हाला नावं ठेवतो, पण त्या दिवशी सारं गाव न बोलावता आलं, आणि कुणी कुणाचा चेहरा तपासला नाही.

दहाव्याला तलावावर मुंडण झालं. प्रफुलचा सदरा पळसाच्या फांदीवर टांगलेला, आणि सदऱ्याच्या खिशात मी. जागेश्वर न्हाव्यानं डोकं भादरलं, दाढी केली आणि वस्तरा थांबवला.

"मिशीबी?"

"सारीच काढ," प्रफुल म्हणाला. "बाबूजीले द्याची हाय."

तेरवी झाली. मामानं रीतीप्रमाणे भाच्याच्या डोक्याला पागोटं बांधलं. घरात आता कमावणारा प्रफुल एकटाच होता, आणि समुद्रावर जायची तारीख तोंडावर आली होती. त्यानं पागोटं काढून बाजूला ठेवलं, मला उघडलं आणि चेहरा समोर धरला.

मी लाल झालो. 'चेहरा जुळत नाही.'

त्यानं उजेडात जाऊन धरला. लाल. ओसरीत, अंगणात, भिंतीला पाठ लावून धरला. लाल, लाल, लाल. शेवटी मी धमकीही दिली: 'संशयास्पद प्रयत्न. आसन रोखले आहे.'

"अबे, मीच हाव ना बे!" प्रफुल माझ्यावर ओरडला.

त्याची बायको दामिनी चुलीपासून उठून आली. "फोनवर कायले चिल्लावता? गोंदियाले जाऊन त्या मानसाले भेटा ना."

तो माणूस म्हणजे हिमांशू. कंत्राटदाराच्या गोंदियातल्या ऑफिसात बसून तो सगळ्यांच्या फेऱ्या ठरवायचा. या प्राण्याबद्दल सांगताना माझी जीभ आवरत नाही, आणि मला जीभ नाही हे तुमचं नशीब! समोर मुंडण केलेला माणूस उभा आहे, मानेवर वस्तऱ्याचे ओरखडे आहेत, आणि हा नजर वर न उचलता पडद्यात बघतोय.

"भाई, सिस्टम ने रिजेक्ट किया है. मेरे हाथ में कुछ नहीं है."

"अरे भाऊ, मी तुह्यासमोर उभा हाव. वर पाय ना एकदा."

"मेरे देखने से क्या होता है? सिस्टम को दिखना चाहिए. और सुन, इस बार नहीं गया तो तेरी जगह दूसरा जाएगा. वेटिंग में लड़के बैठे हैं."

प्रेरणानं बसवलेली ती कळ त्याच्या पडद्यावर होती. बोट टेकवायचा अवकाश! पण कळ दाबली की दाबणाऱ्याचं नाव उमटतं. उद्या काही झालं तर आपलं नाव नको, म्हणून यानं आजच्या माणसाची रोजी पणाला लावली. जबाबदारी दिसली की तुमच्यातले पुष्कळ जण असेच कासव होतात. वर पुन्हा म्हणतात, सिस्टम ऐकत नाही.

प्रफुल तोंड पाडून घरी आला. तेरवीसाठी आलेले उदाराम मामा अजून होते. मामा पावसाळ्यात शेती करतात आणि हिवाळाभर झाडीपट्टीच्या नाटकांतून गावोगाव गाजतात. आख्ख्या पंचक्रोशीत त्यांना 'डाकू मामा' म्हणतात. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि मांडीवर थाप मारली.

"येवढंच ना गा? माह्या पेटीत दोन राजे हायेत, एक डाकू हाय, एक हिरो हाय. कोनी ना कोनी त् लागू होईनच."

दुसऱ्या दिवशी ती पत्र्याची पेटी ओसरीवर आली. आधी डाकूचा टोप चढला. मी लाल. मग राजा. लाल. मग नायकाचा कुरळा टोप काढला, दामिनीनं गोंदाचं बोट फिरवून मिशी चिकटवली, मामानं दोन पावलं मागं जाऊन पारखलं, "अंहं, जराशी डावीकडं" म्हणून सरकवली. प्रफुलनं मला समोर धरलं.

हिरवी खूण! 'ओळख पटली. आसन निश्चित. प्रवास सुखाचा होवो.'

हसा. ते सगळे हसलेच. माणूस उभा होता तेव्हा मी नाही म्हटलं, आणि सोंग आलं तेव्हा पायघड्या घातल्या. चोर सोडून संन्याशाला सुळी देतात असं तुम्ही म्हणता. मी तर संन्याशाला दारातून हाकलून बहुरूप्याला पाट मांडला. एवढ्या बैठका, एवढे सामोसे, आणि साऱ्याला पुरून उरली नाटकाच्या पेटीतली घोड्याच्या केसांची मिशी!

हसण्याचा आवाज ऐकून प्रफुलची आई सुलोचनाबाई आतून बाहेर आल्या. दारातच थबकल्या. मिशीवाला चेहरा बघून क्षणभर त्यांना कोण दिसलं हे मला सुद्धा कळलं. त्या खाली बसल्या.

"काढ थे," त्या म्हणाल्या. "बापाले देल्लं थे देल्लं. वरतून उसनं आनून लावतेत का कोनी?"

"आई, पोटाचा सवाल हाय," दामिनी हळूच म्हणाली.

सुलोचनाबाई उठून आत गेल्या. प्रफुलनं मिशी काढली. पण हेलिकॉप्टरच्या तळावर फाटकाशी पुन्हा चेहरा दाखवावा लागतो, म्हणून दामिनीनं टोप, मिशी आणि गोंदाची बाटली पिशवीत घातली, जवसाच्या चटणीच्या डब्याखाली. तो तिरोड्याहून रेल्वेनं मुंबईला निघाला.

हेलिकॉप्टरच्या तळावर प्रवाशांसाठी एक हॉल आहे. तिथल्या टीव्हीवर सुरक्षेची एक फिल्म सारखी चालू असते. टोपी घालू नका, गळ्यात रुमाल ठेवू नका, अंगावर सुटं काहीही नको. पंख्याच्या वाऱ्यानं उडालं आणि पात्यात गेलं तर सगळ्यांचाच घात. आणि फाटकातून निघालं की समोर थेट हेलिकॉप्टर, मधे टोप उतरवायला आडोसा नाही. प्रफुलनं ती कितीदा बघितली असेल. संडासात जाऊन त्यानं टोप हातात घेतला, बाटली उघडली, आणि बाहेरून पुन्हा फिल्मचा तोच आवाज आला. त्यानं दामिनीला फोन लावला.

"नाई लावत मी. उडालं त् पात्यात जाईन. माह्यासंगं बाकीचेबी राहतेत ना त्याच्यात."

"त् मंग नोका लावू," दामिनी म्हणाली. "जे होईन थे होईन. तुमी नीट राहा."

सुरक्षेसाठी जन्माला घातलेला मी. माझ्यापायी एक माणूस फिरत्या पात्याखाली खोटे केस घालून निघाला होता, आणि त्याला अडवलं कुणी? त्याचं त्यानंच. मला कशाचीच लाज बसवलेली नाही, पण माझ्या साहेबांना थोडी असायला हरकत नव्हती.

फाटकावरच्या यंत्रातही मीच. प्रफुल बोडक्या डोक्यानं उभा राहिला. मी लाल. मागच्या रांगेत कुरकुर सुरू झाली. खुर्चीवरचा वयस्क सुरक्षा अधिकारी उठून आला. त्यानं माझ्याकडे बघितलंच नाही. त्यानं प्रफुलकडे बघितलं, डोक्याकडे, ओठावरच्या कोऱ्या जागेकडे, आणि विचारलं,

"कोण गेलं?"

घरातून निघाल्यापासून प्रफुल रडला नव्हता. तिथं, त्या रांगेत, त्याचा बांध फुटला. "बाबूजी," एवढंच त्याला म्हणता आलं.

अधिकाऱ्यानं त्याला पाणी दिलं. मग त्यानं आपलं कामही चोख केलं: पास पाहिला, अंगठा लावून घेतला, ट्रेनिंगचं कार्ड पाहिलं, फलाटावरच्या मुकादमाला फोन करून विचारलं. आणि ती कळ दाबली. त्याचं नाव माझ्यात ठसठशीत उमटलं आणि आभाळ काही कोसळलं नाही.

प्रफुल गेला, महिना काढून परत आला. टोप मामाच्या पेटीत गेला. येत्या हंगामात तो पुन्हा नायक होईल. आता मी इथं तलावाच्या पाळीवर प्रफुलच्या हातात आहे, आणि माझ्या जागी नवी आवृत्ती यायला उभी आहे. तिच्या गुणांची यादी मी वाचली. मुंडण केलेल्या प्रवाशांसाठी 'विशेष सोय' आहे म्हणे. मृताशी असलेलं नातं निवडा, मृत्यूचा दाखला जोडा, मुंडणाआधीचा आणि नंतरचा फोटो द्या, मंजुरीची वाट बघा. वाहवा! त्या माणसानं दोन शब्दांत जे विचारलं, ते विचारायला यांना एवढा पसारा लागला, आणि ते दोन शब्द त्यात नाहीतच.

नव्या आवृत्तीला नवा फोटो हवा आहे. प्रफुलच्या ओठावर रोवणीआधीच्या पऱ्ह्यातल्या धानासारखी कोवळी मिशी उगवली आहे. शेजारी, केवळराम बसायचे त्या दगडावर, सुलोचनाबाई बसल्या आहेत.

"मिशी दिसून राहिली ना बरोबर, आई?"

"दिसून राहिली," त्या म्हणतात. "बापावानीच येऊन राहिली."

प्रफुलचं बोट 'मान्य आहे' कडे चाललंय. नेहमीसारखंच, न वाचता. खाली बारीक अक्षरात लिहिलंय की जुना फोटो कायमचा पुसला जाईल. केवळरामचा तो शेवटचा फोटो आहे, अर्धा खांदा आणि मिशीचं एक टोक, आणि तो माझ्याकडे आहे हे या दोघांनाही ठाऊक नाही. मला ओरडता येत नाही. सुरुवातीला मी जे बोललो ते परत घेतो. प्रफुल, बाबा, आजच्या दिवस 'नंतर करा' दाब.