पालथी अधोली

त्या दिवशी सकाळी किनूने गवती पोत्यातून जव काढले, मला शिगोशीग भरले आणि वरून लाकडी पट्टी फिरवून काठावर आलेली शीग पुन्हा पोत्यात पाडली. तिचे वडील उंबऱ्याशी बसून गवती चपलांचे बंद आवळत होते. शेजारी मिठाची कावड तयार होती.

"राहू दे की तेवढी शीग," ते म्हणाले. "जाणाऱ्या माणसाला पोटभर घालावं."

"जाणारा माणूस कालच दोघांचं जेवलाय. राहणाऱ्यांनी काय खायचं, काका?"

ते हसले नाहीत. बंद तसाच हातात ठेवून त्यांनी तिच्याकडे पाहिले. "आता काही तू माझ्याबरोबर नाक्यावर येत नाहीस. काका नाही म्हटलंस तरी चालेल."

"मग काय म्हणू? याहेई?"

"तो औषधवाला. तो उन्हाळ्यापर्यंत बंद. आजपासून मी मीठवाला तोसुके."

"बरं, मग तोसुकेकाका."

आता मात्र ते हसले. किनूने जव भांड्यात ओतल्यावर त्यांनी मला उचलले, उरलेले दाणे झटकले आणि माझ्यात तोंड घालून एक नाव उच्चारले. मग मला चुलीवरच्या फळीवर पालथे ठेवले आणि कावड खांद्यावर घेतली.

मित्रांनो, मी धान्य मोजायची एक जुनी लाकडी अधोली आहे, आणि आमच्या घरातला शेवटचा साधा दिवस तो. त्या वेळी तो साधाच वाटला होता.

माझा जन्म इगा प्रांताच्या डोंगरातल्या एका सुरूच्या झाडातून झाला. किनूच्या पणजोबांनी मला घडवले. चार फळ्या एकमेकींच्या दातात दात घालून त्यांनी अशा बसवल्या, की एकही खिळा लागला नाही. मी चौकोनी आहे, आणि कधी कोणाला कमी दिले नाही. शेजारची तोराकाकू स्वतःच्या घरचे धान्यसुद्धा मला मागून नेऊन मोजायची. "हिच्या मापाचा भात अंगी लागतो," असे ती म्हणे. तो काळ माझ्या कौतुकाचा होता.

ज्यांना तुम्ही गोष्टींमध्ये निन्जा म्हणता, त्या कुळांपैकी आमचे एक घर. काळे कपडे घालून छपरांवरून उड्या मारणारा माणूस मात्र मी एकही पाहिला नाही. आमची माणसे औषधे विकत, मीठ विकत, बासरी वाजवत भिक्षा मागत. परक्या किल्ल्याच्या दारात बसून ती भिंतींची उंची डोळ्यांनी मोजत आणि घरी परत येत. दर वाटेला त्यांचे वेगळे नाव असे. किनूचे वडील एका प्रांतात याहेई होते, दुसऱ्यात तोसुके आणि भिक्षेच्या वेशात एन्नेन.

खरे नाव वेगळेच. ते मुलगा वयात आल्यावरच्या विधीच्या दिवशी मिळे आणि जिवंत माणसाला कोणी त्या नावाने हाक मारत नसे. आमच्या घरात आणखी एक रीत होती. वाटेला लागणारा माणूस खरे नाव बरोबर नेत नसे. पकडला गेला, तर ते त्याच्या तोंडून निघू नये, म्हणून जाताना तो ते माझ्यात ठेवी आणि मला पालथे घाली. तो परत येईपर्यंत मला कोणी उलटायचे नाही. परत आले, की किनूचे वडील मला सरळ करून नाकाशी धरत आणि म्हणत, "आहे अजून. उंदरांनी खाल्लं नाही."

किनूची आई लवकर गेली. मग वडील लहानग्या किनूला बरोबर नेऊ लागले. पुतणीचे बोट धरून चाललेल्या औषधवाल्यावर नाक्यावरच्या शिपायांना संशय येत नाही. निघण्यापूर्वी दोघे चुलीपाशी बसून सराव करत. वडील शिपाई होत आणि आवाज घोगरा करून विचारत, "ए पोरी, हा कोण तुझा?"

"माझे बा—"

लगेच ते तिच्या वाटीतली मुळ्याच्या लोणच्याची फोड उचलून खात. "गेली फोड. पुन्हा. हा कोण तुझा?"

"माझे काका!" ती रडवेली होऊन ओरडे.

"आपण घरीच आहोत ना? इथे तरी म्हणू दे," असे तिने एकदा विचारले होते.

"घरी सुटलेली जीभ नाक्यावर घसरते," ते म्हणाले होते.

हळूहळू मुळ्याची फोड तिच्या वाटीतच राहू लागली. किनू शहाणी झाली होती. वडील तिच्या वाटीकडे पाहत राहत. ते मी फळीवरून पाहत असे. पुढे किनू मोठी झाली, वाटेवर जाईनाशी झाली, पण तो शब्द काही परत आला नाही.

मित्रांनो, पालथ्या भांड्याला घर दिसत नाही, फक्त ऐकू येते. या वेळचे पालथेपण लांबले. माझ्या पोटात एक नाव होते, आणि ते मी कोणाला सांगू शकत नव्हते. वर धूर, खाली फळी. बाहेर किनू अंदाजाने वाटीने जव घेई आणि रोज चुके.

"काय गं हे?" तोराकाकू म्हणायची. "काल खडे, आज पेज. अंदाजाने कोणी शिजवतं का?"

"अधोली पालथी आहे, काकू."

"तुझा बाप येऊ दे. ही पेज आधी त्यालाच पाजते."

एका दुपारी किनूचे वडील आले. खिंडीत कोळसा पाडणाऱ्या दोघांनी त्यांना फळीवर घालून आणले. बरगडीत बाण मोडलाय, असे ते दोघे सांगत होते. चुलीपाशी उतरवून ठेवेपर्यंत श्वास ऐकू येत होता, मग थांबला. कोणाशीही किनूचे वडील एक शब्द बोलले नाहीत.

आमच्या कुळाचे म्हातारे प्रमुख गेन्नाई आजोबा धावत आले. "पोरी, रडणं मागाहून. जीव अजून छपरापाशीच असेल. अधोली घे, वर चढ आणि हाक मार!"

ही इगाची जुनी रीत. एरवी अधोलीचा तळ बडवणे अशुभ. फक्त गेलेल्याला परत बोलवायचे असेल, तेव्हाच तो बडवायचा आणि त्याचे नाव घ्यायचे.

"कुठल्या नावाने?" किनूने विचारले.

"तोसुके म्हण."

"तो मीठवाला," तोराकाकू रडत म्हणाली. "या घरात तोसुके कधी राहिलाय?"

"मग याहेई."

"आजोबा, याहेईची तर पलीकडच्या प्रांतातल्या बाया अजून वाट बघत असतील. हाक ऐकून तो तिकडेच जायचा. लहानपणी आम्ही त्याला कुमावाका म्हणायचो, ते म्हणू दे."

"ते पोरवयातलं. विधीला मागे टाकलेलं नाव. त्याला माणूस ओ देत नाही," आजोबा म्हणाले. "खरं नाव पाहिजे. ज्याने ठेवलं तो कधीच गेला. ज्याचं होतं, तो हा."

किनूने मला फळीवरून उचलले. सरळ केले आणि माझ्यात कान घातला. ते नाव माझ्यात होते, मित्रांनो. सगळ्या खोऱ्यात ते फक्त मला ठाऊक होते. पण लाकूड मोजते, बोलत नाही. तिला तिच्याच कानातला घुमारा ऐकू आला असेल. मग तिने खांबाला टेकवलेली काठी घेतली आणि शिडीला पाय लावला.

ती चढते आहे, तोवर माझे उरलेले सांगून टाकते. पुढे सरकारने साऱ्या देशाला एकच माप लावून दिले. मी त्यापेक्षा जरा मोठी निघाले. बिनकामाची ठरले. माळ्यावर गेले, कोणी माझ्यात बिया ठेवल्या, कोणी कापसाचे बोळे, आणि मग काहीच नाही. ओलीने माझा एक सांधा सुटला आहे. तळावर काठीचे खोक आहेत. कोणी नवी मुले माळ्यावर आली, की खोकांवर बोट फिरवतात आणि मला पुन्हा ठेवून देतात. वर्षातून एकदा मला ऊन दाखवा, एवढेच मागते. आणि आपले माणूस उंबऱ्याशी चपला बांधत बसलेले असते ना, तेव्हाच त्याला हाक मारा. त्यासाठी छपरावर चढायची वेळ येऊ देऊ नका.

गवताच्या छपरावर किनूचा पाय घसरत होता. शेवटी ती कण्यावर बसली, मला मांडीवर पालथे घेतले आणि काठी मारली. "तोसुके!" आवाज खिंडीपर्यंत गेला आणि तसाच परत आला. पुन्हा काठी. "याहेई!" पुन्हा. "एन्नेन!" प्रत्येक नावाला ती वाट पाही. वारा सुटला होता आणि शेतातले जव सळसळत होते.

"खरं नाव, पोरी!" आजोबा खालून ओरडले. "वेळ नाही!"

किनूने काठी बाजूला ठेवली. काठी गवतावरून घरंगळत खाली गेली. किनूने मला उलटले आणि, तिचे वडील धरत तसे, तोंडाशी धरले. तिचा श्वास माझ्या तळाला लागत होता. ओठ हलले, मिटले, पुन्हा हलले. तिने मला खाली घेतले आणि खिंडीकडे तोंड केले.

"बाबा," ती म्हणाली. मग मोठ्याने, साऱ्या खोऱ्याला ऐकू जाईल असे, "बाबा! घरी या, बाबा. शीग पाडणार नाही."