उघडा कोपरा

२०१८ साली, दिवाळीच्या साफसफाईत, पालेगावच्या वेणूबाईच्या घरातून एक गाठोडं गेलं आणि त्याच्या बदल्यात झाकणाचा स्टीलचा डबा आला, पाच किलो तांदूळ मावतील एवढा.

गाठोड्याचं वरचं फडकं इतकं जुनाट होतं, की सुनेनं, स्वप्नालीनं, ते सोडूनसुद्धा पाहिलं नाही. तिला तरी काय म्हणावं? ते फडकं वेणूबाईनंच शोधून बांधलं होतं. चांगली वस्तू चिंधीत बांधावी, म्हणजे कुणाची नजर जात नाही, हे ती जुन्नरकडच्या माहेराहून शिकून आली होती. बावीस वर्षं खरंच कुणाची नजर गेली नाही.

आत तिच्या लेकीची, हौसाची, दोन सुती पातळं होती. एक पोपटी, लाल काठाचं. दुसरं पांढरं, बारीक निळ्या फुलांचं. हौसा काविळीनं गेली तेव्हा तिची कीर्ती तीन वर्षांची होती. गेलेल्याचं कापड घरात ठेवू नये म्हणून बाकीचं सगळं देऊन टाकलं, ही दोन तेवढी वेणूबाईनं चोरून ठेवली. कीर्तीच्या बापानं वर्षाच्या आत दुसरं लग्न केलं आणि पोर आजीच्या पदरात आली. शिकली, बदलापुरात नांदायला गेली. आईची दोन पातळं आहेत एवढं आजीनं तिला सांगितलं होतं, दाखवली मात्र कधी नव्हती. दोनदा दिवस राहिले आणि दोन्ही वेळा हाती काही लागलं नाही. तिसऱ्यांदा पाचवा महिना लागला होता. भाऊबीजेनंतर तिचा फोन आला.

"आजी, बाळाला आईच्या पातळांची गोधडी शिव. तिचा एक फोटोसुद्धा नाही गं माझ्याकडं."

"शिवते की. मग ठेवलीत कशाला ती?" वेणूबाई म्हणाली आणि फोन ठेवून ट्रंकेपाशी गेली.

ट्रंकेत तळाशी वर्तमानपत्र होतं, बस.

"आई, ते चिंध्यांचं होतं ना," स्वप्नाली दारातून म्हणाली, "ते मी भांडीवालीला दिलं. मला वाटलं पोतेरं आहे."

वेणूबाई ओरडली असती तर स्वप्नालीला बरं वाटलं असतं. ती नुसती खाली बसली. "तुझा काय दोष," म्हणाली. "तुला चिंधीच दाखवली ना मी."

संध्याकाळी मुलगा आनंदा आनंदनगरच्या कंपनीतून आला. सगळं ऐकून म्हणाला, "भांडीवाल्या सगळा माल उल्हासनगरला घालतात. सुती असलं की फाडून कंपन्यांना, मशीन पुसायला. आमच्याकडं तर रोज एक गोणी येते." बोलून गेला आणि मग त्याच्या ध्यानात आलं. त्याची नखं अजून तेलानं काळी होती. तो मोरीवर जाऊन बराच वेळ हात धूत राहिला.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना भांडीवाल्या गोजरबाईला शोधत शिवमंदिराकडं गेल्या. ती पाटी उतरवून चहा पीत होती.

"पंधरा दिवसांनी कापड परत? डबा आणलाय का माझा?"

स्वप्नालीनं पिशवीतून डबा काढून पुढं ठेवला. गोजरबाई हसायला लागली, पण वेणूबाईकडं बघून मध्येच थांबली. "राहू दे डबा," म्हणाली. "उल्हासनगरात कॅम्प पाचला गोदाम आहे, तिथं विचार. पण मावशे, आशा धरून जाऊ नको."

गोदामात कापडाचा ढीग छताला लागला होता. खाली पाच-सहा बाया पात्यावर कपडे ओढून बटणं आणि काठ कापत होत्या. सिंधी शेठ म्हातारा होता, त्यानं वेणूबाईला स्टूल दिलं.

"माई, कॉटन इधर रुकत नाय. आज आला, कल कटिंग, परसों कंपनी. नायलॉन पाहिजे तर वर्षभर पडलाय." थोड्या वेळानं म्हणाला, "ढीग आहे समोर. काय पाहिजे ते घेऊन जा. पैसा नको."

वेणूबाईनं तासभर पोपटी शोधलं. मग तिच्या हातांची चाल बदलली. आता ती शोधत नव्हती, निवडत होती. एकेक पातळ गालाला लावायची, उजेडात धरायची, दोन बोटांत ताणायची. सुळसुळीत निघालं की टाकून द्यायची. धुवून धुवून दुधाच्या सायीसारखं झालेलं तेवढं मांडीवर घ्यायची. शेवटी एक हिरवं मिळालं, उन्हानं विटून पोपटीला आलेलं, तांबड्या काठाचं. फुलांचंही मिळालं. फुलं जांभळी होती.

"आई, हे ताईंचं नाही."

"ठाऊक आहे मला."

"मग?"

"कीर्तीला ठाऊक नाही."

परतताना बाजारात मोठ्या नाकाच्या दोन सुया घेतल्या. रीळ घेतलं नाही. विकतचा दोरा करकरीत, मऊ कापडाला कापतो. तिनं काठांतलेच धागे उसवून, पिळून दोरा केला. सुई स्वप्नाली ओवून द्यायची. कडेनं सुरुवात करून टाके आत आत जात होते, आणि वेणूबाईच्या मनात एकच घोळत होतं: कुणाची बाई असेल ही? कशानं गेली असेल? की जिवंत असेल? परक्या अंगचं कापड बाळंतविड्यात घालत नाहीत. तिला ते पक्कं माहीत होतं आणि ती शिवत होती.

शेवटचा कोपरा तिनं रीतीप्रमाणं उघडा ठेवला. बाळ झालं की त्यातून भाकरीचा तुकडा आत घालायचा, गोधडी उपाशी राहू नये म्हणून, आणि मग टाके घालायचे.

फेब्रुवारीत, आठव्या महिन्यात, बदलापूरला मुलगा झाला. तो रडला नाही.

कीर्तीला पालेगावला आणलं. पाचव्या दिवशी तिनं विचारलं, "गोधडी कुठाय?"

"पुरी नाही झाली अजून."

"आण तशीच."

तिनं ती मांडीवर पसरली. "आईचं कुठलं?"

वेणूबाईनं त्या विटक्या हिरव्यावर बोट ठेवलं. स्वप्नाली चहा घेऊन दारापर्यंत आली होती, ती तशीच मागं फिरली. कीर्तीनं उघड्या कोपऱ्यातून हात आत घातला, कोपरापर्यंत.

"किती मऊ आहे आतून," ती म्हणाली.

"कोपरा शिवून टाकू का?"

"नको. बाळ झाल्यावर शिवतात ना?"

गोधडी अंगावर घेऊन ती झोपली, त्या पाच दिवसांत पहिल्यांदा. उद्या सांगू, असं वेणूबाईनं ठरवलं. असे उद्या पुष्कळ आले आणि गेले.

वेणूबाई २०२१ च्या उन्हाळ्यात गेली. न सांगताच गेली. तिची लुगडी स्वप्नालीनं धुवून, घड्या घालून कीर्तीला दिली. ती तशीच पडून आहेत, कीर्तीला गोधडी शिवता येत नाही. गोजरबाई पाटी सोडून गावाला गेली. शेठचं गोदाम पाडून तिथं इमारत उभी राहतेय. आनंदा निवृत्त झाला. शेवटच्या दिवसापर्यंत तो गोणीतला प्रत्येक तुकडा आधी उलगडून बघायचा आणि मग मशीनला लावायचा, त्यावरून कंपनीतली पोरं त्याला हसायची. डबा फळीवर आहे, त्यात तांदूळ कधी भरले नाहीत.

कीर्तीला पुन्हा मूल झालं नाही. बदलापूरच्या घरी तिच्या पलंगावर ती गोधडी असते, कोपरा अजून उघडा. स्वप्नाली भेटायला गेली की कीर्ती म्हणते, "मामी, हात लावून बघ, आईचं अजून कसं टिकलंय."

स्वप्नाली हात लावते आणि म्हणते, "हो गं."