लेफ्ट बूटमधली चटणीची डबी

इकडे तिकडे बघू नका. केचपच्या बाटलीमागे, पेपर नॅपकिनच्या आडोशाला बसलेली स्टीलची डबी दिसते ना, ती मी. बाहेरचं खाणं ह्या पबमध्ये चालत नाही, म्हणून जरा हळू बोलते.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आठवतं ते नागपुरातलं इतवारीचं भांड्यांचं दुकान. आसावरीच्या आईनं मला घेतलं, झाकणाचे आटे दोनदा फिरवून पाहिले आणि दुकानदाराला म्हणाली, "नाव घाला, भाऊ." टर्र टर्र करत पोटावर ‘आसावरी’ कोरलं गेलं. गुदगुल्या झाल्या, पण मी एका माणसाची झाले.

आसावरी शिकायला अमेरिकेत ॲन आर्बरला आली तेव्हा मी जवसाची चटणी भरून तिच्या बॅगेत होते. तिथल्या कडाक्याच्या थंडीत पहिल्यांदा मित्रमंडळींबरोबर ती ‘लेफ्ट बूट’ नावाच्या पबमध्ये गेली. समोर फ्रेंच फ्राइज आले. एक खाऊन तिनं तोंड वाकडं केलं आणि जॅकेटच्या खिशातून मला बाहेर काढलं. शेजारच्या खुर्चीवर पुण्याचा अवधूत होता.

"एक्स्क्यूज मी, ती जवसाची आहे का?" त्यानं विचारलं.

मग काय! फ्राइज संपले, मी संपले, गप्पा संपेनात. दर शुक्रवारी तेच डगमगणारं टेबल, त्याची बिअर, तिची सफरचंदाची सायडर आणि मधोमध मी. माणसं प्रेमात पडली की खाण्याकडे त्यांचं लक्ष नसतं म्हणतात. ह्या दोघांचं खाण्यावरूनच जमलं.

शिक्षण संपलं आणि नोकऱ्यांनी दोघांना देशाच्या दोन टोकांना फेकलं. तिला पश्चिमेला बॉथेल, त्याला पूर्वेला श्रूजबरी. पण लेफ्ट बूटच्या शाखा दोन्हीकडे होत्या. पाटीवर तोच डाव्या पायाचा बूट, मेनूही तोच. मग ठरलं: जो भेटायला येईल त्यानं परतताना मला घेऊन जायचं आणि पुढच्या भेटीत भरून आणायचं. आपल्याकडे कुणाची डबी रिकामी परत देतात का? निदान साखर तरी घालतातच. तो दाण्याची चटणी भरायचा. "ही चटणी आहे की प्रसाद? किती गोड!" असं म्हणत आसावरी चाटूनपुसून खायची. विमानतळावर एकदा तपासनीसानं माझं झाकण उघडून वास घेतला आणि बिचारा शिंकतच राहिला.

मी दोन्ही शाखा पाहिल्या. श्रूजबरीत काका-काकू, पोरंबाळं, रंगीत खडूंनी गिरवलेले कागद, नुसती जत्रा. बॉथेलमध्ये गळ्यात ऑफिसचे बिल्ले आणि खुर्च्यांवर ओली जॅकेटं. अवधूत म्हणायचा, "फ्राइज खावेत तर आमच्याकडचे." आसावरी म्हणायची, "आमच्याकडच्या अनियन रिंग्ज एकदा खाऊन बोल." ऐकणाऱ्याला वाटावं, भांडण पबवरून आहे. मला ठाऊक होतं, ते कशावरून आहे. लग्न करायचं दोघांच्याही मनात होतं. पण कुणी कुणाच्या गावी जायचं? दोघांचाही व्हिसा नोकरीच्या खुंटीला बांधलेला. ‘तू ये’ म्हणायची दोघांनाही भीती, आणि ‘मी येते’ म्हणायला जीभ रेटत नव्हती.

शेवटी श्रूजबरीच्या बूटमध्ये ठिणगी पडलीच.

"इथे बसून बोअर होतं यार," आसावरी म्हणाली.

"मग राहा तुझ्या बॉथेलमध्येच!"

ती उठून गेली. ह्या खेपेला मला न्यायची पाळी तिची होती, पण मी टेबलावरच राहिले. अवधूतनं मला घरी नेऊन ड्रॉवरमध्ये टाकलं. आत चमच्यांची संगत, बाहेर त्याचे ऑफिसचे फोन. इंग्रजीत काय चाललंय ते माझ्या झाकणाला काय कळणार?

मग एके दिवशी त्यानं मला काढलं, घासलं, कोरडं पुसलं, झाकण लावलं. चटणी घातलीच नाही! आख्ख्या प्रवासात माझा जीव खालीवर होत होता. इतकी हलकी मी कधी झाले नव्हते.

बॉथेलच्या बूटमध्ये त्यानं आसावरीला बोलावलं आणि मला तिच्यापुढे ठेवलं. तिनं झाकण फिरवलं आणि तिचा चेहरा उतरला.

"रिकामी?"

"हो."

"ओके. कळलं मला." तिनं जॅकेट उचललं.

"अगं, बस की! परत द्यायची डबी भरून देतात. मी परत द्यायला आलोच नाहीये." तो घाईघाईनं बोलू लागला, "बॉथेलच्या ऑफिसला ट्रान्सफर घेतली. नक्की होईपर्यंत बोललो नाही. आता मी इथेच राहणार, तुला चालणार असेल तर. घरातली डबी कुणी भरून आणतं का? घरातच भरायची ना?"

आसावरी मटकन खाली बसली. डोळे पुसले, नाक पुसलं, मग समोरच्या प्लेटकडे पाहून ओरडली, "मूर्खा, मग आता ह्या फ्राइजवर काय डोंबल घालू?"

त्या दिवशी दोघांनी नुसत्या केचपबरोबर फ्राइज खाल्ले, आणि कुठल्या गावचे बरे ह्यावर कुणी अवाक्षर काढलं नाही.

आता मी त्यांच्या घरी गॅसशेजारी असते. एका आठवड्याला जवस, दुसऱ्याला दाणे. आटे झिजलेत, झाकण नीट लागत नाही, पण दर शुक्रवारी मला इथे आणतात. वादही पुन्हा सुरू झालाय. मला विचाराल तर सगळ्यात चांगलं ॲन आर्बरचं ते डगमगणारं टेबल. पण डबीला कोण विचारतं!

एवढंच सांगते: कुणाची डबी रिकामी परत देऊ नका. आणि कुणी रिकामी डबी घेऊन दारात आलंच, तर जॅकेट उचलण्याआधी विचारा, बाबा रे, राहायला आलास का?