जावयाची गाडी ढकलत नाहीत

माझ्या सासूबाईंना जावई म्हणजे देव, आणि या देवाच्या मागण्या काही संपत नाहीत.

मिल बंद झाल्यावर हाती आलेल्या पैशांतून माझ्या यजमानांनी, वासुदेवांनी, एक जुनी फियाट घेतली. भाड्याने चालवायला. बॅटरी मरायला टेकलेली. रोज सकाळी आमच्यासारखेच मिलमधून घरी बसलेले शेजारी धक्का मारायचे, तेव्हा ती चालू व्हायची. मग पोलोग्राउंडजवळच्या एका नव्या कंपनीला साहेबांना ने-आण करायला महिन्याच्या कराराने गाडी हवी असल्याचं कळलं. शुक्रवारी दहाला गाडी नेऊन दाखवायची होती. धक्क्यावर चालणारी गाडी कोण ठेवणार? माझ्या पाटल्या मोडल्या, जुनी बॅटरी बदल्यात दिली आणि गुरुवारी नवी बसवली.

त्याच रात्री नणंदेचे यजमान, जयसिंगराव, जेवायला आले. नव्या मारुतीतून. आमच्या यांच्या पोटात काही राहत नाही. कंपनी कोणती, साहेब कोण, किती वाजता जायचं, जेवता जेवता सगळं सांगून टाकलं. जयसिंगराव मुक्कामाला राहिले आणि त्यांच्या गाडीचे दिवेही रात्रभर चालू राहिले. सकाळी मारुती ठप्प.

"भिया, तुमची बॅटरी द्या ना," जयसिंगराव म्हणाले. "सांवेरला सोयाबीनचा सौदा आहे. नऊपर्यंत वापस येतो."

"गल्लीतले आहेत की. धक्का मारू," हे म्हणाले.

"जावयाची गाडी काय मोहल्ल्याकडून ढकलून घ्यायची?" सासूबाई अगदी मऊ आवाजात म्हणाल्या. त्यांचा मऊ आवाज म्हणजे हुकूमच.

"मग गाडी चालू झाली की माझी बॅटरी काढून घेतो. फियाटला तसंच करतात."

"नवीन मॉडल आहे, भिया. चालू इंजिनात बॅटरी काढली तर सब जल जाएगा."

"देऊ नका," मी म्हणाले. माझ्याकडे कुणी पाहिलंही नाही. यांनी पाना आणला आणि आपल्या हातांनी आमची बॅटरी त्या गाडीत बसवली.

नऊ वाजून गेले. शेवटी मारुतीची मेलेली बॅटरी फियाटमध्ये घातली आणि शेजाऱ्यांनी मिलच्या बंद गेटापर्यंत गाडी ढकलत नेली. बॅटरीत थोडा तरी जीव असला तर धक्क्याने इंजिन धरतं. हिच्यात तेवढाही नव्हता. हे सायकलवरून कंपनीत गेले आणि दुपारी परत आले. दुसरी गाडी ठरली, एवढंच म्हणाले.

संध्याकाळी जयसिंगराव पेढे घेऊन आले.

"जाताना सहज त्या कंपनीत डोकावलो, भिया. त्यांना नवीच गाडी पाहिजे होती. तुमची फियाट वैसे भी पसंत पडली नसती. काम घरातच राहिलं ना? आता मला ड्रायव्हर लागेल. बाहेरचा कशाला ठेवू?"

"बघ, जावईबापूंना किती काळजी," सासूबाई म्हणाल्या.

आपलेच दात, आपलेच ओठ म्हणतात. मला ते दात पाडावेसे वाटत होते. पण त्याहून जास्त राग यांचा येत होता. संपात मॅनेजरची गाडी अडवून उभा राहिलेला हा माणूस. पेढ्यांचा पुडा भिरकावतील म्हणून मी वाट पाहत राहिले.

यांनी पेढा घेतला, खाल्ला, बोटं रुमालाला पुसली.

"सकाळी किती वाजता येऊ, साहेब?"

जयसिंगरावांनी वेळ सांगितली.