दोन वाजता गप्प होणारा डबा

म्हाळसाबाईंनी चौथ्यांदा बटण दाबलं. झांजा दणक्यात सुरू झाल्या, भारुडवाल्यानं एक ओळ फेकली आणि दुसऱ्या ओळीच्या तोंडाशी येऊन गाण्याचा डबा पुन्हा गप्प झाला. डब्याच्या पडद्यावर इंग्रजीतली बारीक अक्षरं उमटली. भिंतीवरच्या घड्याळात दोन वाजून सात मिनिटं झाली होती.

त्यांनी पाचव्यांदा दाबलं. तीच ओळ, तिथंच गप्प.

"दिशा! हिकडं ये. एक ओळ म्हणू देतंय आन गळा धरतंय."

सून पदराला हात पुसत आली, पडद्याशी वाकली.

"दुसरीकडं वाजतंय असं लिव्हलंय, आत्या."

"काय दुसरीकडं वाजतंय?"

"आपल्याच खात्यावरनं दुसऱ्या कुठल्यातरी फोनवर गाणं लागलंय. म्हणून हितलं बंद पडतंय."

म्हाळसाबाई खुर्चीत ताठ झाल्या. दुसऱ्याच्या विजेच्या तारेवर आकडा टाकून मोटर चालवणारे त्यांनी आयुष्यात पुष्कळ पाहिले होते, आणि त्यातल्या दोघांना वडगावच्या चावडीपर्यंत ओढतही नेलं होतं. गाण्याच्या तारेवरही आकडा पडतो, हे मात्र नवीन होतं.

"कोण हाय त्यो?"

"मला काय ठावं, आत्या?"

दिशानं सरळ त्यांच्याकडे बघून उत्तर दिलं. म्हाळसाबाईंनी तिचा चेहरा क्षणभर तपासला आणि तिला तेवढ्यापुरती सोडून दिली.

डबे दोन होते आणि दोन्ही अजून विकत घेतलेले नव्हते. मुलाकडे, सुयशकडे, चांगले स्पीकर आणि अँप्लिफायर आधीपासून होते. आता त्याला त्यांच्या जोडीला लावायला नवं यंत्र हवं होतं. छोट्या डब्याला तो 'डॅक' म्हणायचा. फोनमधलं गाणं म्हणजे नुसते आकडे, त्या आकड्यांचा आवाज करायचा, एवढंच त्याचं काम. मोठा डबा म्हणजे 'स्ट्रीमर'. तो तेही करायचा आणि वर नेटवरून गाणी स्वतःच ओढून आणायचा.

बारामतीला भिगवण रोडवरच्या दुकानात ऋषिराज नावाच्या मालकानं आधी छोटा वाजवला, मग मोठा. मोठ्या डब्यातून आवाज अंगावर आला. सुयशनं समाधानानं डोळे मिटले. म्हाळसाबाईंनी मिटले नाहीत. त्यांनी ऋषिराजच्या हातातला रिमोट पाहिला, त्यावरचा अंगठा पाहिला.

"सकाळची धार न काढता म्हैस बाजारात आणली, की तिची कास अशीच भरल्याली दिसती," त्या म्हणाल्या. "मोठ्याच्या येळंला आवाज वाढवलास व्हय रं?"

ऋषिराजचे कान लाल झाले. "सवयीनं बोट गेलं, आजी."

"मोड ती सवय."

दोन्हींचा आवाज सारखा करून पुन्हा ऐकल्यावर फरक पुष्कळच आटला. सुयश म्हणाला, तरी मोठाच बरा. पण आईनं तिथल्या तिथं निकाल लावला होता. म्हैस आपल्या दावणीला बांधून दोन वेळा पिळून बघितल्याशिवाय त्यांच्या घरात कुणी पैसे मोजत नसे, मग डब्यानं काय पुण्य केलं होतं? दोन्ही डबे आठ दिवस वडगावला राहतील, त्यानंतर बोलू. ऋषिराजनं असं आजवर कुणाला दिलं नव्हतं. त्यानं दिलं.

पहिले दोन दिवस म्हाळसाबाई मोठ्या डब्याकडे फिरकल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी दिशानं त्यांना भारूड लावून दिलं आणि कुठलं बटण दाबायचं ते दाखवलं. तेव्हापासून जेवण झालं की त्या समोर खुर्ची टाकून बसत. आणि तेव्हापासूनच दोन वाजले की डबा गप्प होई. त्या पुन्हा लावत. पलीकडं कुणीतरी टपून बसल्यासारखं ते पुन्हा बंद पडे. पलीकडचं माणूस हट्टी होतं. म्हाळसाबाईंना हट्टी माणसं खपत नसत. आज तर त्यांनी एकूण नऊ वेळा दाबलं होतं.

रात्री जेवताना त्यांनी सुयशला सगळं सांगितलं. तो हसत ऐकत होता. 'रोज दोन वाजता' हे शब्द ऐकल्यावर त्याचा हात भाकरीवर थांबला. मग त्यानं भाकरीचा तुकडा मोडला, कालवणात बुडवला आणि तसाच ताटात ठेवला.

"नेटचा काहीतरी घोळ आसंल," तो म्हणाला.

"घोळ घड्याळ बघून येतो व्हय?"

"आपण बारका डबा घेऊ, आई. त्याला नेट लागत न्हाय. काय कटकटच न्हाय."

म्हाळसाबाईंनी पाण्याचा तांब्या खाली ठेवला. महिनाभर याच पोरानं मोठ्या डब्याचे गोडवे गाऊन घर डोक्यावर घेतलं होतं. आता एका घासात माघार!

त्यांना ते ताटावरचं गप्प बसणं ओळखीचं होतं. तीन वर्षांपूर्वी धाकट्या उत्कर्षानं इंदापुरात परस्पर लग्न केलं, त्याच्या आदल्या आठवड्यात सुयश असाच ताटात बघून जेवायचा. लेकीनं कुणाशी लग्न केलं यापेक्षा घरात ते सगळ्यांत शेवटी आपल्याला कळलं, हे त्यांच्या जिव्हारी लागलं होतं. त्या दिवशी त्यांनी बजावलं होतं, तिचं नाव या उंबऱ्याच्या आत नको. नाव आलं नाही. पण तेव्हापासून दाराआड कुणी हळू बोललं तरी त्यांचे कान टवकारत. दुसऱ्यांदा आपल्याच घरात आपण परकं ठरायचं नाही, एवढी खूणगाठ त्यांनी मनाशी बांधून ठेवली होती.

"उद्या तुला सुटी हाय," त्या म्हणाल्या. "दुकानात जायचं. दोन्ही डबं घिऊन."

"अगं, मी एकटा जाऊन येतो की."

"एकटा का?"

सुयशनं ताटातला तुकडा उचलून तोंडात टाकला.

दुसऱ्या दिवशी दुपारी एकच्या सुमाराला त्या दुकानात शिरल्या, त्या तोंड उघडूनच.

"तुझ्या डब्यावर चोर बसलाय, बाबा. तुझाच कुणी माणूस आसंल तर आत्ताच सांग."

ऋषिराजनं खुर्ची पुढं केली. त्या बसल्या नाहीत. त्यानं डबा जोडला, पडदा लागला. बोटानं काहीबाही सरकवत तो म्हणाला, "चोरी न्हाय, आजी. खात्याचा पासवर्ड दिल्याबिगर कुणाला आत येता येत न्हाय. तुमच्यातल्याच कुणीतरी कुणालातरी दिलाय. कुणाचा फोन हाय ते बी कळंल. बघू का?"

"राहू दे, ऋषिराज," सुयश घाईनं म्हणाला. "आमी बारकाच घेतोय. दे तो बांधून."

म्हाळसाबाईंनी मुलाकडे मान वळवली. तो काचेच्या कपाटातल्या वायरींकडे बघत होता, जणू त्या वायरी आजच्या आज पाठ करायच्या होत्या.

"वाच," त्या ऋषिराजला म्हणाल्या.

"उत्कर्षाचा फोन, असं नाव हाय."

दुकानातला पंखा फिरत होता. म्हाळसाबाईंच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. त्यांना आता राग यायला हवा होता. पोरगा तीन वर्षं बहिणीशी बोलत होता आणि आईला पत्ता नव्हता. रागाचे शब्दही जिभेवर तयार होते.

"काय ऐकती ती?" त्यांनी विचारलं.

ऋषिराज वाचू लागला. त्याला बिचाऱ्याला आपल्या डब्यावरचा आळ घालवायचा होता, म्हणून तो एकही ओळ गाळत नव्हता.

"परवा दोन वाजता अंगाई. दोन वाजून चार मिनिटांनी अंगाई. सहा मिनिटांनी परत अंगाई. मग पावसाचा आवाज, एक तासाचा. ह्यो बारक्या पोरांना निजवायला लावत्यात, आजी. आता हे काल. दोन वाजता अंगाई, मग परत, परत..." तो मोजत थांबला. "काल नऊ वेळा तुटलंय. म्हंजी कसं, तुमी हितं लावलं की त्यांचं तितं बंद पडतं. त्यांनी लावलं की तुमचं. दोघी बी मागं हटलेल्या दिसत न्हाईत."

तो हसला. दुसरं कुणी हसलं नाही.

म्हाळसाबाईंनी उजव्या हाताचा अंगठा मुठीत मिटून घेतला. मग पुढं केलेली खुर्ची मागं ओढली आणि बसल्या. त्या पडद्याकडे बघत राहिल्या. त्यावरचं एक अक्षर त्यांना लागत नव्हतं. पण एकाखाली एक सारख्याच ओळी होत्या, तेवढं वाचायला शाळेची गरज नव्हती.

"आई," सुयश हळू म्हणाला, "मी सांगणारच..."

"तू थांब." त्या ऋषिराजकडे वळल्या. "एवढं म्हागाचं यंत्र इकतोस. दोन्हीकडं वाजंल आसं काय हाय का न्हाय तुझ्याकडं?"

"हाय की. घरच्या सहा जणांचं एक खातं मिळतं. सगळ्यांनी एकाच वेळी लावलं तरी कुणाचं बंद पडत न्हाय." त्यानं वही पुढं ओढली. "फक्त एक अट हाय. माणसं एकाच घरात ऱ्हाणारी लागत्यात. पत्ता एकच."

सुयशनं आईकडे पाहिलं. बाजारात खोटं बोलणाऱ्याला त्या चारचौघांत सोलून काढत, हे बारामतीपासून निंबुतपर्यंत सगळ्यांना माहीत होतं. समोर बसलेल्या माणसाचेच कान त्यांनी गेल्या आठवड्यात लाल केले होते.

"घे लिहून," त्या म्हणाल्या. "म्हाळसा. सुयश. दिशा." मग पदर खांद्यावर नीट केला. "उत्कर्षा."

"सगळी वडगावलाच ना?"

"एकदा सांगून कळत न्हाय व्हय रं तुला? एकच घर हाय."

ऋषिराजनं लिहून घेतलं. "आन डबा कुठला ठेवायचा?"

"मोठा. ह्याला मोठाच पायजे हुता," त्या मुलाकडे न बघता म्हणाल्या. "काल रातीपस्नं उगं तोंड फिरवतंय."

गाडीत त्या डबा मांडीवर घेऊन बसल्या. मागच्या डिकीवर त्यांचा विश्वास नव्हता. सुयशनं किल्ली लावली, पण फिरवली नाही. समोरच्या काचेवर ऊन तापलं होतं.

"किती म्हैन्याचं हाय?" त्यांनी विचारलं.

"सहावा लागलाय. पोरगी हाय."

त्या डब्याच्या खोक्यावरची चिकटपट्टी नखानं दाबत राहिल्या. एका कोपऱ्यात ती सुटली होती, ती त्यांनी पुन्हा पुन्हा बसवली.

"दोनला निजवती म्हंजी रातभर जागवत आसंल ती तिला," त्या म्हणाल्या. "न्हाऊ घालून अकरालाच निजवाय पायजे. कुणी सांगितलं न्हाय व्हय तिला?"

"कोण सांगणार, आई?"

सुयशनं खिशातून फोन काढला, नाव काढलं आणि त्यांच्यापुढं धरला. म्हाळसाबाईंनी हात वर उचलला. मग त्याच हातानं त्याचं मनगट धरून फोन खाली केला.

"किती वाजल्यात?"

"दोन वाजून धा मिनटं."

"मग आत्ता नगं," त्या म्हणाल्या. "आत्ताच डोळा लागला आसंल. तीनच्या पुढं लाव."