देव बोलला की सासूबाई?

रोज सकाळी दुकानाचं शटर अर्धं वर करायचं, शिवणमशीनपुढच्या स्टुलावर बसायचं आणि डोळे मिटून देवाशी दोन शब्द बोलायचे, हा थोरलीचा नेम होता. बोलायची अर्थात तीच. गुडघे, पाठ, नवऱ्याचा खोकला, उधार नेऊन तोंड लपवणारी गिऱ्हाइकं, सगळी गाऱ्हाणी घालून झाली की ती शेवटी जरा गप्प बसायची. देवाला काही म्हणायचं असलं तर म्हणू दे, एवढ्यासाठीच. पण देव कधी मध्ये तोंड घालायचा नाही. म्हणूनच दोघांचं बरं चाललं होतं.

त्या दिवशी मात्र आतून अगदी स्पष्ट ऐकू आलं, ‘धाकटीकडे जा.’

थोरलीने खाडकन डोळे उघडले. तिला धक्का बसला तो आवाजामुळे. तो हुबेहूब तिच्या सासूबाईंचा आवाज होता. तीच धार, तोच शेवटच्या अक्षरावरचा ठसका. आणि सासूबाईंना जाऊन तर तीन वर्षं झाली होती.

धाकटी म्हणजे तिची जाऊ, दिराची बायको. हे शिवणकामाचं दुकान दोघींनी मिळून थाटलेलं. धाकटीने कापायचं, थोरलीने शिवायचं. एके दिवशी धाकटीने एका गिऱ्हाइकाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या हाताच्या कापल्या. कापड महागाचं, गिऱ्हाईक समोर उभं. थोरलीच्या तोंडून निघून गेलं, “कात्री धरायला नुसते हात असून भागत नाही, अक्कलही लागते.” धाकटीने गळ्यातली टेप काढली, टेबलावर ठेवली आणि चालू पडली. तेव्हापासून ती दोन गल्ल्या पलीकडे आपल्या घरीच शिवणकाम घेत होती. समोरासमोर आल्या की दोघींनाही रस्त्याच्या पलीकडे अचानक काहीतरी महत्त्वाचं काम निघायचं.

आणि सासूबाईंचं आयुष्यभर एकच पालुपद, “धाकटीला सांभाळून घे गं.” आता वर जाऊनही तेच!

“अहो, तुमच्या आई आल्या होत्या,” थोरलीने रात्री जेवताना नवऱ्याला सांगितलं.

लिफ्ट दुरुस्त करणारा माणूस तो, वर-खाली जाण्यायेण्याचं त्याला फारसं नवल नव्हतं. सगळं ऐकून घेतल्यावर तो म्हणाला, “देवही असेल.”

“मग आवाज सासूबाईंचा कसा?”

“आई जिथे असेल तिथे दुसऱ्या कुणाला बोलू देईल का?”

हा माणूस काही कामाचा नाही हे ठरवून थोरली शनिवारी गुरुजींकडे गेली. गुरुजी म्हणजे भूगोलाचे निवृत्त मास्तर. त्यांच्या बैठकीच्या खोलीत आठवड्यातून एकदा ध्यानाला मंडळी जमत. सगळे उठून गेल्यावर तिने हळूच विचारलं, “गुरुजी, आतला आवाज नक्की देवाचाच आहे हे कसं ओळखायचं?”

“काय?” गुरुजींनी कानातलं यंत्र चाचपलं. “जरा मोठ्याने बोल.”

मग तिला हा नाजूक प्रश्न शेजारपाजारच्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने विचारावा लागला. गुरुजींनी यंत्र कानात नीट बसवलं.

“छातीठोक सांगता येत नाही, बाई. मी आपला एक बघतो. सांगितलेलं काम करायच्या विचारानेच जिवावर येतं का? येत असेल तर बहुधा त्याचंच.”

“जिवावर तर मला चोळ्या-परकर शिवायचंही येतं.”

“त्यात कुणाचं भलं होतं का, तेही बघायचं,” गुरुजी म्हणाले. “आणि फार बोलत असेल तर जरा जपून राहायचं.”

थोरलीने दुसऱ्या दिवशी स्टुलावर बसून सरळ अटच घातली, ‘देवा, तू तूच असशील तर असं काहीतरी बोल, जे माझी सासू जन्मात बोलली नसती.’

उत्तर लगोलग आलं. ‘तुझं काहीएक चुकलं नाही. तिनेच यायला हवं. तू थोरली आहेस. शिवाय कापड तिने नासवलं, भरपाई तू केलीस, लोकांची बोलणी तू खाल्लीस, आणि तिने साधं...’

थोरलीच्या अंगावर मूठभर मांस चढलं. सासूबाई असं स्वप्नातही म्हणाल्या नसत्या! दिवसभर तिने गुणगुणत मशीन चालवली. गिऱ्हाइकाला न मागता एक बटण फुकट लावून दिलं. आवाजही दिवसभर तिच्याबरोबर होता, नवनवी कारणं पुरवत. काज करताना एक, उसवताना एक. संध्याकाळपर्यंत धाकटीच्या माहेरच्यांपर्यंत गाडी पोचली, आणि ‘अक्कल’ हा शब्द पुन्हा आला.

थोरलीची सुई थांबली. हा शब्द तर तिचा स्वतःचा होता. आवाजही नीट ऐकला तर तिचाच, फक्त वर जरा साय धरलेली. दिवसभर ती आपलीच पाठ आपणच थोपटत होती तर!

ती ओशाळली. मग पहिला आवाज तिने मनात पुन्हा आणला. ‘धाकटीकडे जा.’ एवढंच. कारण नाही, हिशेब नाही, टोमणा नाही. आणि टोमणा नाही म्हणताच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सासूबाईंचं एकही वाक्य ‘आणि तू मात्र’ जोडल्याशिवाय पुरं व्हायचं नाही. ‘धाकटीने सगळी भांडी घासली, आणि तू मात्र.’ ‘धाकटीला सर्दी झाली, आणि तू मात्र.’ या आवाजाने ते जोडलं नव्हतं. म्हणजे ठसका सासूबाईंचा होता, पण बोलणं दुसऱ्याच कुणाचं तरी होतं.

“मेले,” थोरली म्हणाली आणि चपला पायात सरकवल्या. जिवावर तर इतकं आलं होतं की गुरुजींनी सांगितलेली खूण शंभर टक्के पटत होती.

दार धाकटीनेच उघडलं. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. थोरलीला बघून तिने टाचण्या एकेक करून काढल्या. त्याला बराच वेळ लागला.

“ताई?”

“इकडून चालले होते,” थोरली म्हणाली. ती गल्ली पुढे बंद होती, हे दोघींनाही ठाऊक होतं. “चारचौघांत तुला तसं बोलायला नको होतं मी. एकटीला गाठून बोलले असते तर गोष्ट वेगळी. नाही, तेही नको होतं.”

धाकटी एकदम पदर तोंडाला लावून हसायला लागली आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

“काय झालं गं?”

“ताई, महिना झाला, मी प्रार्थनेला बसले की मला ऐकू येतं, ‘जा, तिची माफी माग, बाह्या तूच चुकवल्यास.’ पण ऐकू येतं ते तुमच्या आवाजात! मी म्हटलं, ही बया आता इथेही पिच्छा सोडत नाही. म्हणून मी ऐकतच नव्हते.”

“माझ्या आवाजात देव?” थोरलीने छातीवर हात ठेवला.

“अगदी तुमचाच. फक्त जरा प्रेमळ.”

मग चहा झाला, रडून झालं, सासूबाईंच्या नकला करून झाल्या. धाकटीची नक्कल सरस होती. पण दुकानात परत ये म्हटल्यावर धाकटीने सरळ मान हलवली. इथे तिला स्वतःची गिऱ्हाइकं मिळाली होती, खिडकीत उजेड चांगला येत होता, आणि स्वतःच्या कात्रीवर स्वतःचीच हुकमत. “कापायचं काम इकडे पाठवा हवं तर. दुकानात नाही यायची,” ती म्हणाली. थोरलीला ते लागलं, पण तिने ते उरलेल्या चहाबरोबर गिळलं.

घरी आल्यावर, ती कुठे जाऊन आली ते ऐकून नवऱ्याने विचारलं, “आली का परत?”

“नाही येत म्हणाली.”

“म्हणजे देव चुकला?”

“तो नुसतं ‘जा’ म्हणाला होता. ‘घेऊन ये’ हे मीच पुढे शिवलं.” मग थोरली उठून भाजी चिरायला बसली. “सोमवारपासून कापडाचे गठ्ठे तुम्ही कामावर जाताना तिच्याकडे टाकायचे, येताना कापलेले घेऊन यायचे.”

“हे कोण सांगतंय? देव, आई की तू?”

“मी,” थोरली म्हणाली. “यात शंकेला जागाच नाही.”